बाबांचा कोट आणि दोनची गाडी

मुरेवा, झिंबाब्वे
१२ जुलै १९९४

चि. तौराई यास,
रंबीसाईताईचे अ. उ. आ.

सहा ऑगस्टला, शनिवारी, बाबांचे कपडे वाटायचं ठरलं आहे. तुझ्याकडे राहिलेला त्यांचा रेल्वे गार्डचा कोट घेऊन ये. बाबांचे सहविरा, म्हणजे मानाचे जिवलग मित्र, चिंगवारू त्यासाठी अडून बसलेत. मेलेल्या मित्राची नक्कल करून घरच्यांना हसवायचा हक्क सहविराचा खरा, पण कोटाशिवाय आपण गार्ड न दिसता विनातिकीट धरलेला प्रवासी दिसू, असं त्यांचं म्हणणं. गाडी कधीच उशिरा येत नाही, प्रवासीच उगाच लवकर येऊन बसतात, हे बाबांचं वाक्य ते गोठ्यात जाऊन घोकतात. गुरं कंटाळली आहेत.

कोट अंगात घालून येऊ नकोस. वाटपाआधी मेलेल्याचा कपडा कुणी घालत नाही, हे कॅनडात बारा वर्षं काढून तू विसरला असशील.

जानेवारीत बाबा गेले तेव्हा तुला येता आलं नाही. फोनवर तू फक्त बरं म्हणालास, आणि तेव्हापासून पत्रांत हवामानच लिहितोस. मला त्याची काळजी वाटते. तुझ्यावाचून हे वाटप होऊ नये.

पोटभर जेव. माया आहे तेवढीच राहू दे.
तुझी ताई

अदिस अबाबा
शुक्रवार, ५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं विमान चुकलं. मुक्कामाच्या हॉटेलातल्या बाईंनी विमानतळाची गाडी दोनला निघेल असं सांगितलं होतं. इथले लोक सकाळी सूर्य उगवल्यापासून तास मोजतात, त्यामुळे त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. मला ते ठाऊक नव्हतं. दोन दिवसांच्या प्रवासाने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे बाहेर पडलो, तीन कप कॉफी प्यायलो आणि आठला खोलीवर येऊन गाढ झोपलो. दुपारी दीडला मी दाढी करून खाली उभा होतो. बाईंना आधी माझी कीव आली, मग हसू.

आता उद्याच्या विमानाने दुपारी हरारेला उतरेन. संध्याकाळच्या विमानातली शेवटची जागा मुरेवाच्या नर्स श्रीमती न्यामांडे यांना मिळाली. त्याच हे पत्र आणताहेत. शक्य असेल तर वाटप थांबवा.

आणखी एक. इथे थंडी आहे आणि माझी बॅग पुढे गेली. पहाटे मी बाबांचा कोट घातला. मग काढावासा वाटला नाही. त्यासाठी मला वाटपातून वगळलं तरी चालेल, पण मला तिथे असू द्या.

लोभ कमी होऊ नये.
तौराई

मुरेवा
शनिवार, सकाळी (आपले) दहा

चि. तौराई यास, अ. उ. आ.

ट्रकवाला गॅरिकाई तुला विमानतळावर हे पत्र देईल. वाटेत वाच.

तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. आत्याने तोंडावर हात मारून घेतला. चिंगवारू मात्र हसून हसून बाकावरून घसरले. मग उठून त्यांनी निकाल दिला: आज त्यांची सुट्टी. कोट ज्याने घातला त्यानेच बाबा व्हायचं. चाळीस वर्षांत मित्राला उशिरा येताना पकडता आलं नाही, ते आज पकडणार, आणि फाटकात उभं राहून सर्वांदेखत झापणार. तुला बाबांच्या आवाजात उत्तर द्यावं लागेल. तोवर एक सदराही वाटला जाणार नाही.

कोटाची बटणं लावून ये. बाबा लावायचे.
वाट पाहणारी,
ताई

एडमंटन
२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. हवामान बरं आहे.

फाटकात चिंगवारूंनी घड्याळ दाखवून उशिराचा जाब विचारला. मी तोंड उघडलं आणि बाबांचं ते वाक्य त्यांच्याच आवाजात बाहेर आलं. तुम्ही सगळे हसलात. मला मात्र जानेवारीपासूनचं रडू तेव्हा आलं. पाठीवर बराच वेळ तुझा हात होता, तो कळत होता.

कोट चिंगवारूंना मिळाला, ते योग्यच झालं. बदल्यात त्यांनी अंगातला स्वेटर काढून मला दिला. त्याला गोठ्याचा वास येतो. परतताना अदिसला पुन्हा थंडी होती, तेव्हा तोच घातला. गाडी याही वेळी दोनची होती. मी त्यांच्या एक वाजताच, म्हणजे आपल्या सकाळी सातला, खाली जाऊन बसलो. बाईंनी मला पाहून, इतक्या लवकर का, असं विचारलं, तेव्हा बाबांचं वाक्य आठवून मी एकटाच हसलो.

पुढच्या ऑगस्टला येतो. तोवर पत्रांत हवामान कमी लिहीन.
तुझा,
तौराई