मावशी, तुला आवडायचं का?

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

"तुझ्याकडे समजवायला पाठवली होती, बिघडवायला नाही! आता ती होणाऱ्या नवऱ्याशी तसलं बोलणार म्हणते. मोडेल लग्न!" असं म्हणून काल तू फोन आपटलास, म्हणून लिहिते. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो.

लग्न ठरलेल्या मुलीला 'ते' आईने नाही, मावशीने सांगायचं, ही आपल्या घरची रीत. मी शिवणाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तुझ्या लेकीला कटिंगच्या टेबलाशी बसवलं आणि आपल्या मावशीने सांगितलेलंच सुरू केलं: डोळे मिटून पडून राहायचं, लवकर उरकतं.

तिने मध्येच विचारलं, "मावशी, पण तुला आवडायचं का गं?"

धाकटे, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. कोपऱ्यात काजं करणारी बाई सुई थांबवून बघत होती. मी म्हटलं, "हो."

मग थांबताच येईना. सुरुवातीची वर्षं मी छताकडे बघत दुसऱ्या दिवशीची कामं ठरवायची. एका दुपारी नवऱ्याचा हात धरून म्हटलं, "तिथे नाही, इथे. आणि घाई नको." तो नव्यानेच ओळख झाल्यासारखा बघत राहिला. एवढं मोठं काही माझ्याच अंगात होतं, आणि मी त्या जागेला इतकी वर्षं नुसता साबण लावत आले होते!

काजंवाली म्हणाली, "अगंबाई, मला वाटायचं मीच तेवढी चवचाल!" आम्ही तिघी पोट दुखेपर्यंत हसलो.

एक लिहायचं टाळत होते. तो गेल्यावर ते संपेल असं वाटलं होतं. नाही संपलं. एकटीलाही ते सुख मिळतं, या वयातही. मी कशालाच हात जोडत नाही, तुला माहीत आहे. तेव्हा मात्र जोडावेसे वाटतात.

आज सकाळी तुझा होणारा जावई दुकानात आला. तुझी लेक त्याच्याशी सरळ बोलली. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मग मी विचारत जाईन. तूही सांगत जा." लग्न मोडत नाहीये.

तुला कधी कुणी विचारलं का? मी विचारते आहे.

तुझी,
ताई

लेकीसोबत पाठवलं: तिचे दोन सुती गाऊन, गळा तिने सांगितला तसा. तिसरा तुझा. माप अंदाजाने धरलंय. दार लावून घे, घाल, आणि आरशात नीट बघ.