मशीन तुमचंच आणजा

३ नोव्हेंबर
तुळसाबाईंची शोकसभा. जऊळक्याच्या स्मशानात लाईट नाही, त्यामुळे चितेला अग्नी दिला की माझा बॅटरीवाला ॲम्प्लिफायर लागतो. सहा वर्षं हे गाव माझ्या मशीनवर मेलेल्यांबद्दल चांगलं बोलून राह्यलं. जिवंतपणी एकालाही चांगलं बोलत नाहीत.
माझ्या भाषणात 'तुळसाबाई म्हणजे मायेचा समुद्र' इथं आलो, आवाज चढवला, आणि मशीन घरघरून बंद! लोक लगेच उठून चपला शोधायला लागले. हलकट. बाकीची पानं खिशातच राहिली.
कारण : नदीकाठचा ओलावा.

५ नोव्हेंबर
मशीन एकदम तेज झालं आहे. नवं होतं तेव्हा चार्जिंगला अख्खी रात्र खायचं. आता चहा पिऊन होत नाही तोच हिरवा लाईट. बायकोला मुद्दाम दाखवलं. रंजीता म्हणते, लवकर भरते म्हणजे लवकर रिकामीबी होते, पोट आखडलं तिचं. इलेक्ट्रिकलमधलं हिला काय कळतं? पोहे खारट होते.

११ नोव्हेंबर
मंडपवाला किशन रस्त्यात भेटला. म्हणे, भाऊ, हळू बोललं तं चालते, जोरात बोललं का बसते, बॅटरी गेली तुमची. मी विचारलं, तुले कायले एवढी काळजी? लेकाचा जळतो. स्वतः नवं मशीन आणलं आहे, चाकांवर पळणारं, चार तास चालणारं. कोणी विचारत नाही. धूळ खात पडलं आहे.

१९ नोव्हेंबर
दौलतसिंग गेले. किशनचं दुकान त्यांच्या दारासमोर, तरी मला निरोप : मशीन तुमचंच आणजा. याला म्हणतात इज्जत.
दोन वाक्यांत लाल लाईट. बंद केलं, थोडा दम खाऊ दिला, पुन्हा लावलं. आणखी एक वाक्य. खलास.
कारण : पुढे उभ्या बह्याडांनी मोबाईल बंद केले नव्हते. नेटवर्कने करंट ओढला.
संकल्प : उद्यापासून तीन टाइम चार्जिंग.

२४ नोव्हेंबर
मशीन उघडलं. बॅटरी दोन्ही बाजूंनी मस्त फुगली आहे. तीन टाइमचं चार्जिंग अंगी लागलं! रंजीता म्हणते, फेका तिले, घरात फुटन. मी म्हणालो, तुझा भाऊही फुगला आहे, त्याला कुठं फेकला?

२५ नोव्हेंबर
जेवण हाताने वाढून घेतलं. भाजी नव्हती.

२७ नोव्हेंबर
नानाजींकडे गेलो. बाप गेला तेव्हा या माणसाने मला हाताला धरून उभं केलं. आता अंथरुणावर आहेत. मशीनची चौकशी केली. म्हणाले, म्हातारी झाली रे तुही बॅटरी, पण बदलू नोको. माह्या वक्ती हेच आणजो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या गावात माझी कदर असलेला हा एकच माणूस.
संकल्प : नानाजींचं भाषण अर्धवट राहणार नाही. काही झालं तरी पूर्ण वाचणार. आजच लिहायला घेतलं.

४ डिसेंबर
नानाजी गेले. पोरासारखा रडलो.
त्यांचा मुलगा हर्षल याचा फोन आला : काका, मशीन तुमचंच आणजा. मागोमाग किशन दारात. म्हणे, नानाजीसाठी माह्यं न्या, फुकट न्या. शिव्या देऊन हाकलला. मेलेल्याच्या टाळूवर धंदा करतो!
भाषण चाळीस पानं झालं आहे. चार्जिंग पाच वेळा केलं.

५ डिसेंबर
स्मशानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी "नानाजी" म्हणालो, आवाज चढला, मशीन मेलं. थपडा मारल्या. लाल लाईटही नाही. तसाच वाचत राहिलो. मागच्यांना फक्त माझी मान खाली दिसली, त्यांना वाटलं मौन सुरू झालं. सगळे माना खाली घालून उभे. मग गावातल्या भाऊसिंगने 'ओम शांती' म्हटलं आणि लोक घरी गेले. मी पहिल्याच पानावर.
हर्षलने हात जोडले. म्हणाला, बाबानं सांगून ठेवलं होतं, देवानंदचंच मशीन आणा, लोकायले उन्हात तिष्ठत ठेवू नका. मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, काका, तुमचं मशीन दोन वाक्यांत बसते, साऱ्या गावाले ठाऊक हाये. म्हणून तं सारे तुमालेच बोलावते.
फार लागलं मला. घरी आलो. रंजीताने वाढलं. भाजी होती.

७ डिसेंबर
काल किशनकडून नवी बॅटरी बसवून घेतली. तो एक शब्द बोलला नाही. यातही त्याचा काहीतरी डाव असणार.
चार्जिंगला अख्खी रात्र लागली.

१४ डिसेंबर
गावातला सोमला वारला. आंघोळ केली, मशीन पुसून दारात बसलो. घरच्यांनी निरोप पाठवला : या, पण नव्या बॅटरीचं मशीन नोको.
लोक परतल्यावर मशीन घेऊन एकटाच स्मशानात गेलो. नानाजींचं भाषण वाचलं, चाळीसच्या चाळीस पानं, भरपूर आवाज चढवून. मशीन एकदाही बंद पडलं नाही. ऐकायला एक कुत्रं होतं, ते नवव्या पानावर उठून गेलं. दहावं खरोखर चांगलं जमलं होतं.
बॅटरी अजून बरीच शिल्लक आहे.