देवापुढची तिसरी प्रत

॥ विघ्नहर्त्याच्या कृपेने ही लेखणी सरळ चालो ॥

सुरत

चि. मधुकर यास दादाचे अनेक आशीर्वाद. चलथाणच्या हवेत तुझा दमा आटोक्यात असेल अशी आशा आहे. सात वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सर्व कुशल आहे, आणि जे नव्हते ते काल न्यायालयाने कुशल केले.

आमची लिफ्ट आठ महिने बंद आहे. गुडघ्यांमुळे तुझी वहिनी चौथ्या मजल्यावरून उतरलेली नाही. म्हणून सूनबाई गायत्री सोसायटीच्या निवडणुकीस उभी राहिली. नियम असा, की अर्ज तीन प्रतींत दिलाच पाहिजे. नेऊन देण्याचे काम माझ्याकडे होते. शुभकार्याचे पहिले पत्र देवापुढे ठेवण्याची आपल्या घरची रीत तू जाणतोसच (पत्रिका असो वा अर्ज, देव भेद करीत नाही). मी एक प्रत कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि उरलेल्या दोन नेऊन दिल्या. गायत्री निवडून आली, आणि हरलेले गृहस्थ न्यायालयात गेले.

न्यायाधीशांनी मलाच उभे केले. "काका, भगवानने नकल आपी, ऑफिसने नहीं?" (म्हणजे प्रत देवाला दिली, ऑफिसला नाही?)

"साहेब, आधी भगवान," मी म्हणालो. गायत्रीने कपाळाला हात लावला.

समोरचे वकील गरजले, "दिलाच पाहिजे म्हणजे दिलाच पाहिजे!" (मला ते मनातून फार आवडले, घरात मी जन्मभर याच सुरात बोलत आलो.) पण न्यायाधीश म्हणाले, शब्द कडक असला म्हणून प्रत्येक नियम सारखाच बंधनकारक ठरत नाही, त्याचा हेतू पाहावा लागतो. तिसरी प्रत फलकावर लावण्यासाठी होती, आणि गायत्रीचे नाव फलकावर लागलेच होते. कोणाचे नुकसान झाले नाही, आणि प्रत कमी पडल्यास अर्ज बाद, असे नियमात कुठेही लिहिलेले नाही. अर्ज मुदतीनंतर आला असता तर गोष्ट वेगळी होती. निवड कायम! लिफ्टवाला सोमवारी येतो आहे. वहिनीने चपला पुसून ठेवल्या आहेत.

मला मात्र तिथेच माझा वर्ग आठवला. नित्यकर्मात एखादे अंग नाइलाजाने राहिले तरी कर्म वाया जात नाही, हे मीमांसेचे मत मी चाळीस वर्षे वर्गात शिकवले, आणि उंबरठ्याच्या आत कधी आणले नाही.

तुझा,
दादा

ता.क. कारखान्याच्या गळीत हंगामात रजा मिळेना, म्हणून वडिलांचे श्राद्ध तू तिथी सोडून रविवारी केलेस, आणि "हे श्राद्धच नव्हे" म्हणून मी तुझ्या घरी पाणीही न घेता परतलो. बाबा तृप्त होऊन गेले असतील. उपाशी राहिलो तो मी. यंदा श्राद्ध आमच्याकडे करू. तुला सवड असेल त्या रविवारी ये. वहिनी तुला घ्यायला खाली उतरेल.

पुन्हा ता.क. पाने मात्र बाराच्या ठोक्याला वाढली जातील. हा नियम पूर्णपणे बंधनकारक आहे. (साडेबारापर्यंत थांबेन.)

हे पत्र जो कोणी वाचील, त्याच्याकडून द्यायच्या राहिलेल्या प्रती देव आपल्यापाशी सांभाळून ठेवो.