दोघींचं मिळून वजन

ग्लासगो,
२१ नोव्हेंबर १९९३

प्रिय सुलू,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललास तरी ‘शिफ्टला निघालेय गं’ एवढंच ऐकायला मिळतं. सगळ्या लेस्टरमध्ये तू एकटीच नर्स उरली आहेस का? असो. मी बरी आहे. इथे चारलाच अंधार पडतो. बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद होती, कौन्सिलला फोन करकरून माझा घसा बसला, तोवर मी आणि माझी व्हीलचेअर घरातच. शेजारच्या मिसेस मॅके दूध-ब्रेड देऊन गेल्या. त्यांच्याशी हवेबद्दल बोलले, आठवड्याभरात तेवढंच काय ते बोलणं. मराठीत तर हल्ली मी फक्त कुकरला शिव्या देते.

तू प्रमोशन घेऊन लेस्टरला गेलीस त्याला पाच वर्षं झाली, तरी इथल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या त्या स्वयंपाकघराची आठवण जात नाही. मी लॅबमध्ये नवीन लागले होते. ओट्यापाशी तू पिठलं ढवळत होतीस आणि फोडणीच्या वासाने दोन आयरिश पोरी खिडक्या उघडत होत्या. मी दारात आले. खुर्ची बघितली की लोक घाईघाईने बाजूला होतात, चेहरे मऊ करतात, सॉरी म्हणतात. तू वळून म्हणालीस, जरा मागे घे बाई, इथे माझं मलाच वळता येत नाहीये. पोलिओ झाल्यापासून मला कोणी ‘मागे घे’ म्हटलं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं, ही जाडी माझी मैत्रीण होणार. इतर लोक मला काचेचं भांडं उचलावं तसं उचलतात. तू बटाट्याचं पोतं उचलावं तसं उचलायचीस, वर ‘हात घाल गळ्यात, नखरे नकोत’ असं दटावायचीस. श्रीखंडातला मोठा वाटा तर तू मला कधीच दिला नाहीस.

यंदाचं केनियाचं खूळ माझं. तू इथे राहायला आली होतीस, तेव्हा रविवारी टीव्हीवर प्राणी बघताना मी म्हणाले, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय. आणि तू लगेच एक एजंटबाई शोधलीस. रस्त्याने गेलं तर दिवसभराचे खड्डे, माझ्या पाठीला ते झेपायचे नाहीत, म्हणून जंगलातल्या कॅम्पपर्यंत छोटं विमान. एजंटबाईने बजावलं होतं, या विमानात माणसाला सामानासकट तोलतात, कोण कुठे बसणार तेही वजनावर ठरतं, तेव्हा आकडे खरे द्या. पण तुमच्या घरात मुलीचं वजन कधी कोणी उच्चारलं होतं? शाळेच्या तपासणीत बाईंनी तुझा आकडा मोठ्याने वाचला, तर घरी आल्याबरोबर तुझ्या आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती, तूच सांगितलंस मला. पन्नाशी आली, वॉर्डात दिवसभर लोकांची वजनं लिहितेस, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा दृष्टीच्या भीतीने दोन स्टोन, चांगले बारा-तेरा किलो, गाळलेस. हे मला मागाहून कळलं.

नैरोबीच्या त्या शेडमधला काटा आठवतो ना? आधी मी खुर्चीसकट, मग तू. पायलट कागदावर काहीतरी बेरजा करत राहिला. तू मला शिडीवरून वर चढवलंस, सीटवर बसवलंस, पट्टा लावलास. मग त्याने तुला बाजूला बोलावलं. खिडकीतून मला दिसत होतं, तो हळू आवाजात बोलत होता आणि तू मान हलवत होतीस. माझी खुर्ची अजून खाली उभी होती. मग तू दाराशी आलीस आणि म्हणालीस, “कांते, पोटात कळ आलीय. तू हो पुढे. मी उद्याच्या विमानाने येते.” मी विश्वास ठेवला. त्यांनी खुर्ची घडी करून मागे ठेवली आणि आम्ही उडालो.

उतरल्यावर पायलट म्हणाला, तुमची मैत्रीण फार मोठ्या मनाची आहे. त्याला वाटलं, मला माहीत असेल. वजन जास्त झालं होतं. खुर्ची उद्या पाठवतो, असं तो तुला म्हणाला. तू म्हणालीस, खुर्ची जाईल, मी राहते. दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीवर जाऊन बसले. विमानातून टोमॅटोचे खोके उतरले, तू नाहीस. संध्याकाळी कॅम्पच्या रेडिओवर निरोप आला, तू लंडनच्या विमानाने परत गेलीस.

तुला फोनवर सांगितलं, मजा आली, सिंह बघितले. बघितले गं. कॅम्पवरची माणसं भली होती, मला जीपमध्ये अलगद चढवायची, दर वेळी माफी मागून. जिराफ पाणी प्यायला पाय फाकवून वाकला तेव्हा मी ‘बघ गं कसं ध्यान दिसतंय’ असं मोठ्याने म्हणाले. शेजारचं जर्मन जोडपं नुसतं हसलं. जेवणाच्या टेबलावर कॅम्पवाले रोज माझ्यापुढे दोन ताटं मांडायचे, तुझं नाव यादीत होतं ना. तिसऱ्या दिवशी मीच सांगितलं, एक काढा. त्या रात्री मी खूप रडले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता का लिहिते आहे ते ऐक. वजनाचा मला राग नाही. तू उतरलीस याचा आहे. लहानपणी घरच्यांची सहल निघाली, की आशाताई माझ्यासाठी घरी राहायची. बाबांनी माझ्यासाठी बदली नाकारली. सगळ्यांनी माझ्यासाठी काही ना काही सोडलं, आणि ते ओझं मी आयुष्यभर उचललं. तू एकटीच होतीस जी माझ्याशी भांडायचीस. त्या दिवशी तूही उतरलीस, आणि मी पुन्हा त्यांची पांगळी मुलगी झाले. तुला लाज वाटत असेल तर वाटू दे, पण माझ्यावर उपकार करून गप्प बसू नकोस, मला ते सोसत नाही. मी त्याच एजंटबाईशी बोलले. दुसऱ्या एका कंपनीचं विमान मोठं आहे, दार रुंद, मधला टेकायचा हात वर करून दोन सीट एक करता येतात, आपल्यासारखी माणसं ते नेहमी नेतात म्हणे. मार्चमधली तारीख आहे. तिने वजनं विचारली. तुझं खरं वजन मला ठाऊक आहे, इतकी वर्षं तुझ्या गळ्यात हात घालतेय मी. तुझं, माझं आणि खुर्चीचं मिळून मी एकच आकडा सांगितला. ती म्हणाली, वेगवेगळे सांगा. मी म्हटलं, वेगवेगळं आम्हाला जायचंच नाही. तरीही कदाचित काटा पुन्हा जास्त दाखवेल, पायलट पुन्हा तुला बाजूला बोलावेल. तेव्हा आधी माझा पट्टा सोड. मीही उतरेन.

तुझीच, अजून रागावलेली,
कांता