दुनळी ठाण्यातच राहू द्या

मैलापूर, चेन्नई
वैशाख वद्य पंचमी

तीर्थरूप सुधींद्र अण्णांच्या चरणी धाकट्या श्रीहरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, फरशीला कपाळ टेकवलं तर गंधासकट भाजून निघेल.) तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तंजावरचं नळाचं पाणी, तिन्ही ठिकाणी दाब योग्य तेवढाच असावा.

प्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या वरच्या मजल्यावरचे रामस्वामी आपली वेष्टी न पिळता वाळत घालतात. तिचं पाणी रोज सकाळी माझ्या वर्तमानपत्रावर पडतं, तेही नेमकं अग्रलेखावर. सव्वीस वर्षं हे मी सोसलं, कारण मागाहून ते स्वतः खाली येतात आणि आमची कॉफी पीत तोच अग्रलेख मला तोंडी सांगतात. (मुळापेक्षा बरा सांगतात.)

गेल्या आठवड्यात एके दिवशी मात्र बेचाळीस अंश, त्यात पहाटेपासून वीज नाही. मी वर गेलो. पिळायला काय होतं, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "वाद्यार, संस्कृतात रागवा हो, तमिळमध्ये फार लागतं!" एरवी मीच आधी हसलो असतो. अण्णा, मी त्यांची गचांडी धरायला गेलो. त्यांच्या अंगात सदरा नव्हता, म्हणून हाताला जानवं लागलं. ते तुटलं. षड्रिपूंत क्रोधाचा क्रमांक दुसरा, हे मी संस्कृतच्या वर्गात तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. बहात्तर वर्षांच्या माणसाचं जानवं हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा पहिला कोणता तेही आठवेना.

आता रामस्वामी कॉफीला येत नाहीत. वेष्टी घट्ट पिळून, कठडा धरत धरत तीन जिने चढून गच्चीवर वाळत घालतात. माझं वर्तमानपत्र कोरडं असतं. तुमची भावजय सीतालक्ष्मी रोज सवयीने तिसरा टंबलर मांडते आणि उचलून ठेवते.

कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा.
तुमचा श्रीहरी

ता. क. आपल्या आप्पांची दुनळी बंदूक निवडणुकीच्या नियमाप्रमाणे मार्चपासून ठाण्यात जमा आहे. जमा करताना फौजदार म्हणाले होते, "सार, मे महिन्यात भांडणं दुप्पट. कोयता, उलथणं, कुकरचं झाकण, जे हाताला लागेल ते. बंदुका घरोघरी नाहीत म्हणून भांडणातली निम्मी माणसं इस्पितळातून चालत घरी जातात." तेव्हा मी हसलो होतो. निकालानंतर ती परत मिळेल. आयुधपूजेला तिला चंदन-कुंकू लावायचा मान तुमचा, हे जाणून आहे. तरी परवाना कायमचा सोडण्याचा अर्ज सोबत जोडला आहे. आप्पांची वस्तू दोघांची, म्हणून खाली तुमची सही हवी. यंदा कोयत्याची पूजा करा.

ता. क. दुसरा. कारण विचाराल म्हणून लिहितो; सीतालक्ष्मीखेरीज कोणाला ठाऊक नाही. जानवं तुटल्यावर मी खाली आलो आणि सरळ जाऊन लोखंडी कपाट उघडलं. दुनळी तिथे नाही हे मला कपाट उघडल्यावर आठवलं. असती तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.