मित्राच्या मुलीसाठी

४ जून
निर्धार: मुलीच्या बोलण्याचा प्रश्न या महिन्यात निकालात काढायचा. ती नऊ वर्षांची आहे आणि अडखळते. मी बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारतो, सगळं गाव माझा आवाज ओळखतं, आणि माझीच मुलगी अशी. स्पीच थेरपिस्ट शोधायचा. लायसन्सवालाच. कुणाला कळता मात्र कामा नये.

७ जून
केमिस्टकडे सहज विषय काढला. मित्राच्या मुलीसाठी हवाय, म्हटलं. कोण मित्र, असं त्याने विचारलं. खोकल्याचं औषध घेऊन परत आलो. खोकला नाही.

९ जून, दुपार
एक वाणीतज्ज्ञ सापडले. खुर्चीमागे फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. जवळ जाऊन वाचलं तर पोहण्याचं. लगेच उठणं बरं दिसेना म्हणून बसलो. त्यांनी मलाच दीर्घ श्वास घ्यायला लावले.

११ जून, गुरुवार
बसस्टँडसमोर वरच्या मजल्यावर कानाच्या मशीनवाल्या मॅडम आहेत. पाटीवर हा भला मोठा कान. आज थेट माझ्या केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, गुरुवारी चार ते पाच भोंग्याचा आवाज जरा कमी ठेवाल का, कामात व्यत्यय येतो. मी म्हटलं, मॅडम, मशीन तुम्हीच विकता, बटण तिकडेच फिरवा. क्लार्क पोट धरून हसला. त्या आल्या तशा परत गेल्या. बोलण्यात आपल्याला कुणी हरवणार नाही.
बायको आणि मुलगी मावशीकडे. दर गुरुवारी जातात. बरंच आहे, शोधाशोध करायला मला मोकळीक.

१४ जून
मुलगी काहीतरी सांगायला आली. पहिल्याच शब्दावर गाडी अडली. मी लगेच वाक्य पूर्ण करून दिलं, पोरीचे कष्ट वाचले. बायको म्हणाली, तिला बोलू द्या की जरा. मी अडवतोय कुठे? मदतच करतोय. मुलगी हल्ली माझ्याशी मान हलवूनच बोलते. वयच तसं.

१६ जून
नवा निर्धार: तिचं वाक्य पूर्ण करायचं नाही. आज फक्त सकाळी मोडला. आणि जेवताना.

२० जून
मोबाइलवर नोंदणीकृत थेरपिस्टांची अधिकृत यादी मिळाली. आमच्या गावात एकच नाव. पत्ता: बसस्टँडसमोर, वरचा मजला.
खाली उतरून पाटी नीट वाचली. कानाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय: वाचा व भाषा उपचार. सात वर्षं त्या पाटीसमोर बसतोय. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

२५ जून, गुरुवार
क्लार्कला माईकवर बसवून जिना चढलो. माफी पाठ केली होती. त्यानंतर मित्राच्या मुलीचा विषय काढणार होतो.
दार लोटलेलं होतं. आत एक मूल काहीतरी सांगत होतं. अडत होतं, थांबत होतं, पण सांगत होतं. कुणीच घाई करत नव्हतं. मग एका शब्दावर ते फारच अडलं आणि मला राहवेना. बाहेरूनच तो शब्द पूर्ण केला, स्टँडवरच्या आवाजात.
आत एकदम शांत झालं. दार बायकोने उघडलं.
शब्द तो नव्हताच.
बायको म्हणाली, मार्चपासून येतोय आम्ही. मावशीचं नाव सांगायचं हे मुलीनेच ठरवलं. बाबांना सांगू नको म्हणाली, त्यांना लाज वाटते. मॅडम म्हणाल्या, खिडकीतून तुमचा आवाज आला की ती बोलायची थांबते, त्या दिवशी तेवढ्यासाठी आले होते. मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत खाली बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच लाज वाटली, पण या वेळी तिची नाही.

२ जुलै, गुरुवार
चार ते पाच माईक बंद ठेवला. दोन गाड्या न पुकारताच सुटल्या. प्रवाशांनी माझ्या नावाने खडे फोडले, साहेबांनी मेमो दिला. मुकाट्याने घेतला.
जेवताना मुलगी आपणहून बोलायला लागली. बाबा, आज, इतकं म्हणाली आणि अडली. मी ओठ घट्ट मिटून बसलो. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.
ती थांबली. माझ्याकडे बघत बसली. मी पूर्ण करीन म्हणून.