रसू बॉल टाकत नाही

शहाड, ७ जानेवारी २०२५

चि. सौ. शीला हिस शकूचा आशीर्वाद, घ्यायचा असला तर घे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून हे रसूच्या डब्याच्या पिशवीत घालून पाठवतेय. तुझा भाऊ सूरज माझ्या लेकीला, ऐश्वर्याला, आणि रसूला सोडून कोलशेतला दुसरं बिऱ्हाड करून बसला. म्हटलं, सुटलो बाई तुमच्या घराण्यातून. तर रसूच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला खेळ शिकवायला तूच!

काल रसूला अख्खा तास पायरीवर बसवलीस म्हणे. भावाच्या भांडणाचा राग माझ्या नातीवर? शिट्टीचा तोरा मला दाखवू नको. शिट्टी माझा कुकरपण मारतो, वर भात शिजवतो.

शनिवारच्या स्पर्धेत जोडीनं बॉल झेलायच्या खेळातून तिला काढलीस तर मैदानात येईन. येताना कुकर आणीन.

शकू

—

कळवा, ८ जानेवारी

श्रीमती शकूमावशी यांस, सा. न. वि. वि.

शाळेत मी कोणाची आत्या नाही. रसिका झेलते छान; हातांची ओंजळ करते, बॉल आला की हात मागे घेते. पण परत पाठवायची वेळ आली आणि मी "टाक" म्हटलं, की बॉल पोटाशी धरून उभी राहते. समोरची मुलं ताटकळतात. असा हट्ट सात वर्षांच्या मुलीला आपोआप सुचत नाही. कोण शिकवतंय ते मला कळतं.

शुक्रवारपर्यंत तिने बॉल सोडला नाही, तर तिच्या जागी दुसरी मुलगी घेईन. कुकर घरीच ठेवा.

शीला

—

शहाड, ९ जानेवारी

शीलाबाईंना नमस्कार, लांबूनच.

मी शिकवलं असतं तर बॉल तुझ्या नाकावर बसला असता. ऐश्वर्याच्या लग्नात तुला अहोजाहो करून मानाची साडी दिली, ती परत मागत नाही. एवढंच कर, पोरीला जवळ घेऊन विचार. बाई म्हणून नको. आत्या म्हणून.

शकू

—

कळवा, १० जानेवारी

शकूमावशी, नमस्कार.

विचारलं. मग म्हणाली, टाकलं की परत येत नाही. कोण म्हणतं, विचारलं, तर म्हणाली, आज्जी सगळ्यांना फोनवर सांगते, पप्पांनी मम्मीला टाकलं, आम्हाला टाकलं.

हा शब्द तुमच्या घरातला आहे. तिच्यासमोर तरी तोंड आवरा.

खेळ उद्या आहेत. नाव अजून काढलेलं नाही. काय करावं सुचत नाही.

शीला

—

शहाड, शनिवार सकाळ

शीले,

शब्द माझा असेल, काम तुझ्या भावाचं. तोंड मी आवरीन. त्यानं काय आवरलं?

आता ऐक. रात्री मोज्यांचा बॉल केला आणि पोरीला समोर उभी केली. टाक म्हटलं, तर पोटाशी. म्हटलं, बरं, मला दे. तर काय दिलाय! माझा चष्मा उडाला, आमटीत पडला. मी परत दिला. तिनं झेलला. परत आला, परत गेला. ऐश्वर्या आमटी पुसायची सोडून हसत बसली, कितीतरी महिन्यांनी.

तर आज मैदानात "टाक" म्हणू नको. "दे" म्हण.

मी येतेय. लांब बसेन, तुझ्याशी बोलणार नाही. आणि सूरजला बोलावू नको. त्याच्याकडे दिलेलं काही परत येत नाही.

लोभ नव्हताच, उगाच वाढवू नको. पोरीवर तेवढा असू दे.

रसूची आज्जी